यक्षाशी बुद्धिबळ

दोस्तांनो, तुमच्यापैकी किती जण मोबाइलशी किंवा कॉम्प्युटरशी बुद्धिबळ खेळता? आणि त्यातले किती जण जिंकता? खरं सांगा हं! दुसऱ्या प्रश्नाला हात वर करणारे फार थोडे असणार, हे मला ठाऊक आहे. मी स्वतःही त्या थोड्यांत नाही.

हा विषय डोक्यात शिरला तो फर्दापूरला. छत्रपती संभाजीनगरहून जळगावच्या रस्त्यानं निघालात, की सिल्लोड मागे पडतं, अजिंठा गाव येतं, मग वळणावळणांचा घाट उतरला की लेण्यांचा फाटा आणि त्याला लागूनच फर्दापूर. लेणी पाहायला येणारे बरेच जण इथं मुक्काम करतात. गावातली कितीतरी घरं पर्यटकांवरच चालतात. कुणी जेवण देतं, कुणी खोल्या देतं, तर कुणी रंगीबेरंगी दगड विकतं. बाहेरून अगदी ओबडधोबड दिसणारा, पण फोडला की पोटात लखलखणारे स्फटिक असणारा दगड तुम्ही पाहिलाय ना? तोच.

अशाच एका दगडांच्या दुकानात एक सातवीतला मुलगा खोक्यावर बसून मोबाइलवर बुद्धिबळ खेळत होता. मी दगड बघायचा सोडून त्याचा डावच बघायला लागलो. दहा-पंधरा चालींत त्याचा घोडा गेला, मग हत्ती गेला आणि मग मात.

"रोज हरतं आणि रोज रुसून बसतं पोरगं," त्याचे वडील म्हणाले. "आता तो खेळच काढून टाकणार आहे मी मोबाइलमधून."

मुलगा काहीच बोलला नाही. थोड्या वेळानं कळलं, की सोयगावला तालुक्याच्या शालेय बुद्धिबळ स्पर्धा होणार होत्या. सरांनी नावं मागितली होती आणि यानं दिलं नव्हतं. का? तर म्हणे, "साधा मोबाइल मला हरवतो. तिथं जाऊन काय करू? काका, ह्याला कुणी कधी हरवलंय का हो?"

"हरवलंय की!" मी म्हणालो. "उद्या संध्याकाळी येतो, मग सांगतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी लेण्यांत गेलो. दोन नंबरच्या लेण्यात उजव्या भिंतीवर एक मोठं चित्र आहे. झोक्यावर बसलेली इरंदती नावाची नागकन्या तुम्ही पुस्तकात पाहिली असेल. त्याच गोष्टीत पुढे फाशांचा जुगार आहे. गोष्ट आहे विदुरपंडिताच्या जातकाची. पूर्णक नावाच्या यक्षाला इरंदतीशी लग्न करायचं असतं. पण तिच्या आईला हवं असतं विदुरपंडिताचं हृदय! हा विदुर कुरुराजाचा शहाणा मंत्री. त्याला मिळवायला यक्ष राजाला फासे खेळायला बसवतो. राजा काही कच्चा खेळाडू नव्हे. त्याच्या पाठीशी एक रक्षक देवता असते आणि तिच्या जोरावर तो नेहमी जिंकत आलेला असतो. पण यक्ष नुसते डोळे वटारतो आणि ती देवता पळून जाते. राजा हरतो, पणाला लागलेला विदुर यक्षाचा होतो.

आता गंमत पुढेच आहे. विदुर यक्षाशी लढत नाही आणि "पुन्हा एक डाव खेळू" असंही म्हणत नाही. तो फासे हातात घेतच नाही. तो बोलतो. चांगलं कसं वागावं ते यक्षाला इतकं नीट समजावतो, की यक्षच त्याच्यापुढे नमतो. फासे ही यक्षाची विद्या होती आणि बोलणं ही विदुराची.

मी त्या भिंतीसमोर उभा राहून मनात म्हटलं, अरे, त्या पोराला सांगायला हीच गोष्ट बरी! कारण माणसांनी कॉम्प्युटरला बुद्धिबळात जेव्हा जेव्हा हरवलं, तेव्हा बहुतेक वेळा असंच हरवलं.

आधी हे पाहू, की या यक्षाची विद्या कोणती? मोजणं! डाव सुरू होताना पांढऱ्याला २० चाली शक्य असतात, १६ प्याद्यांच्या आणि ४ घोड्यांच्या. उत्तरादाखल काळ्यालाही २०. म्हणजे दोघांची एकेक चाल झाली, की ४०० प्रकार झाले. दोघांच्या दोन-दोन चाली झाल्या, की डाव १,९७,२८१ प्रकारे खेळला गेलेला असू शकतो. आणि तीन-तीन चालींनंतर? ११,९०,६०,३२४! तुम्ही-आम्ही यातलं काहीच मोजत नाही. आपण दोन-चार बऱ्या चाली निवडतो आणि त्यांचाच विचार करतो. जुने प्रोग्रॅम मात्र ढीगभर चाली मोजत आणि प्रत्येक शाखेच्या शेवटी हिशेब करत. प्यादं १ गुणाचं, घोडा आणि उंट ३, हत्ती ५, वजीर ९. कुणाकडे किती उरलं, राजा किती सुरक्षित आहे, की झाला निकाल.

पण मोजणं कुठंतरी थांबवावंच लागतं. रात्री अजिंठ्याच्या घाटात गाडीच्या दिव्यांचा झोत जिथवर पोचतो, तिथवरचा खडा न् खडा दिसतो. त्याच्यापुढे काळोख. नवखा ड्रायव्हर झोतापुरतंच जाणतो. फर्दापूरच्या ड्रायव्हरला मात्र न दिसताही माहीत असतं, की पुढे मोठं वळण आहे. जुना कॉम्प्युटर म्हणजे फार लांब झोत असलेला नवखा ड्रायव्हर होता, असं समजा.

मग त्याच्याशी खेळायचं कसं? जिथं दोन्हीकडून मारामारी चालली आहे आणि एका चुकीनं सगळं उलटतं, तिथं त्याच्याशी भिडायचं नाही. तो झोतातला रस्ता आहे. प्यादी एकमेकांसमोर अडकवून पट बंद करायचा आणि वीस-वीस चालींचा बेत करायचा. वजिरावजिरी करून टाकायची, म्हणजे आपल्या राजावर अचानक हल्ला व्हायची भीती कमी होते. आणि पाठ केलेल्या सुरुवातीतून त्याला लवकर बाहेर काढायचं.

हे सगळं आधी ओळखणाऱ्यांपैकी एक होता स्कॉटलंडचा डेव्हिड लेव्ही. १९६८ मध्ये त्यानं कॉम्प्युटरच्या शास्त्रज्ञांशी पैज मारली, की येत्या दहा वर्षांत कुठलाही प्रोग्रॅम मला सामन्यात हरवू शकणार नाही. १९७८ मध्ये टोरांटोला 'चेस ४.७' या प्रोग्रॅमशी त्याचा सामना झाला आणि लेव्ही साडेतीन-दीड असा जिंकला. त्याचा बेत ऐकाल तर हसाल. फारसं काहीच करायचं नाही, पण ते नीट करायचं! हल्ला नाही, घाई नाही. आपल्याकडून चूक होऊ द्यायची नाही आणि मशीन आपणहून कुठंतरी प्यादी पुढे ढकलून फसेल याची वाट बघायची. चौथ्या डावात मात्र त्याला खुमखुमी आली. तो आक्रमक, धारदार सुरुवात खेळला, म्हणजे फासे हातात घेऊन बसला म्हणा ना! आणि नेमका तोच डाव हरला.

आपल्याकडेही या लढाईची आठवण आहे. मुंबईच्या खाडिलकर भगिनी तुमच्या आई-बाबांना नक्की आठवत असतील. वासंती, जयश्री आणि रोहिणी. १९७४ मध्ये महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा वासंतीनं जिंकली आणि पुढची बरीच वर्षं राष्ट्रीय विजेतेपद या तिघींच्याच घरात राहिलं. रोहिणी तर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेतही उतरल्या आणि १९८१ मध्ये आशियाई विजेत्या झाल्या. १९८९ मध्ये लंडनला त्यांनी बुद्धिबळाच्या कॉम्प्युटरलाही हरवलं, असं त्यांच्या परिचयात नोंदलेलं आढळतं.

यानंतर गॅरी कास्पारोव्ह. जगज्जेता. १९९६ च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फियाला आयबीएम कंपनीच्या 'डीप ब्लू' या यंत्राशी तो खेळला आणि पहिलाच डाव हरला. जगभर खळबळ! पण गडी सावरला. शेवटच्या डावात त्यानं मशीनचा हत्ती आणि उंट कोपऱ्यातच कोंडून टाकले. पटावर मोहरी असूनही मशीनला हलायला जागा उरली नाही. सामना कास्पारोव्हनं ४-२ असा जिंकला.

पुढच्या वर्षी, १९९७ च्या मे महिन्यात, न्यू यॉर्कला पुन्हा सामना. आता डीप ब्लू सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासत होता. कास्पारोव्हनं पहिला डाव जिंकला. दुसऱ्या डावात मशीननं एक अशी शांत, माणसासारखी चाल केली, की तो चक्रावला. त्याला वाटलं, आता काही खरं नाही, आणि त्यानं डाव सोडून दिला. नंतर विश्लेषकांनी दाखवलं, की त्या स्थितीत सतत शह देत बरोबरीची वाट होती! मशीनला सगळं दिसत असणार, असं गृहीत धरून त्यानं ती शोधलीच नाही. तिसऱ्या डावात त्यानं मशीनला पाठांतरातून बाहेर काढायला वजिरापुढचं प्यादं नुसतं एक घर सरकवलं. जगज्जेत्यानं पहिलीच चाल अशी भित्री करावी! डाव बरोबरीत सुटला. सहाव्या डावात मशीननं घोड्याचा बळी दिला आणि अवघ्या १९ चालींत कास्पारोव्हनं हार मानली. सामना अडीच-साडेतीन असा गेला.

मला विचाराल तर तो सामना दुसऱ्या डावातच फिरला. यक्षानं डोळे वटारले आणि राजाची देवता पळाली.

वेळेचंही मोठं काम आहे बरं का! १९९८ मध्ये आपला विश्वनाथन आनंद इटलीत 'रेबेल' नावाच्या प्रोग्रॅमशी आठ डाव खेळला. पाच-पाच मिनिटांच्या चार डावांत मशीननं त्याला ३-१ असं हरवलं. पंधरा मिनिटांचे दोन डाव झाले, तेही मशीनला दीड-अर्धा. पण कित्येक तास चालणारे दोन मोठे डाव झाले, त्यांत आनंद दीड-अर्धा असा वरचढ ठरला! एकूण सामना मशीनचाच, ५-३. आनंद म्हणजे विजेच्या वेगानं खेळणारा म्हणून जगात प्रसिद्ध, आणि मशीनपुढे मात्र त्याचं चाललं ते सावकाश खेळल्यावर. तुम्ही मोबाइलशी तीन मिनिटांचे डाव लावता ना? विचार करा जरा.

आता माझा आवडता डाव. २००३, न्यू यॉर्क. कास्पारोव्ह विरुद्ध 'एक्स-थ्रीडी फ्रिट्झ'. समोर लाकडी पट नव्हताच. कास्पारोव्हनं खास चष्मा घातला होता, पट हवेत तरंगल्यासारखा दिसायचा आणि चाली तोंडानं सांगायच्या होत्या. तिसऱ्या डावात त्यानं मधली प्यादी अशी काही अडकवली, की पटावर भिंतच उभी राहिली. मशीनकडे मोजायला काही राहिलंच नाही. ते बिचारं उंट इकडून तिकडे, तिकडून इकडे हलवत बसलं. भिंतीला भोक कुठं पाडायचं, हे माणसाला कळत होतं. त्याला कळेना. कास्पारोव्ह वजिराच्या बाजूनं सावकाश पुढे सरकत गेला आणि जिंकला. सामना २-२ असा बरोबरीत सुटला.

अमेरिकेच्या हिकारू नाकामुरानं तर २००८ मध्ये 'रिब्का' या जबरदस्त प्रोग्रॅमची पुरती फजिती केली. तीन-तीन मिनिटांचा डाव, म्हणजे खरं तर मशीनचं राज्य. पण यानंही पट बंद केला आणि मशीनला आपण पुढे आहोत असं वाटावं म्हणून हत्ती देऊन हलकी मोहरी घेतली. मग नुसता इकडेतिकडे हलवत राहिला. बुद्धिबळात नियम आहे, की दोघांच्या ५०-५० चालींत एकही प्यादं हललं नाही आणि एकही मोहरा मेला नाही, तर बरोबरी मागता येते. रिब्काचा हिशेब सांगे, 'मी पुढे आहे, बरोबरी कशाला?' म्हणून बरोबरी टाळायला तिनं स्वतःच भिंत फोडली आणि हरली! डाव २७१ चाली चालला. शेवटी नाकामुरानं प्याद्यांचे वजीर करायचे सोडून मुद्दाम उंट करून घेतले, नुसतं चिडवायला. मशीन चिडत नाही ही गोष्ट वेगळी.

पण दोस्तांनो, हे सांगून थांबलो तर तुम्हांला फसवल्यासारखं होईल. युक्त्यांचे दिवस फार टिकले नाहीत. २००५ मध्ये लंडनला 'हायड्रा' या यंत्रानं इंग्लंडच्या मायकेल अॅडम्सला साडेपाच-अर्धा असं लोळवलं. २००६ मध्ये जर्मनीतल्या बॉनला जगज्जेता व्लादिमीर क्रामनिक 'डीप फ्रिट्झ'शी खेळला. दुसऱ्या डावात त्याची स्थिती उत्तम होती. त्यानं वजीर हलवला आणि त्याला दिसलंच नाही, की पुढच्याच चालीला मात आहे. एका चालीत मात! तुमच्या शाळेतल्या पोरालाही दिसली असती. कितीही मोठा असला तरी माणूस दमतो, त्याचं लक्ष उडतं. मशीनला ना झोप, ना भूक. तो सामना क्रामनिक २-४ असा हरला. त्यानंतर जगज्जेत्याशी मशीनचा असा बरोबरीचा सामना लावण्यात कुणाला मजाच उरली नाही. २०१७ मध्ये 'अल्फाझिरो' आला. तो स्वतःशीच लाखो डाव खेळून शिकला होता. आजचे प्रोग्रॅम अशाच शिकण्याच्या रीतीनं स्थिती जोखतात. बंद पट पाहून ते आता पूर्वीसारखे गोंधळत नाहीत. घाटातलं वळण त्यांनाही कळायला लागलं.

म्हणजे त्या पोराच्या प्रश्नाचं खरं उत्तर असं, की पुष्कळांनी हरवलंय, पण पूर्ण ताकदीच्या आजच्या प्रोग्रॅमला समोरासमोर कुणी हरवेल असं धरून बसू नकोस.

मग माणसांनी बुद्धिबळ सोडलं का? नागपूरच्या दिव्या देशमुखकडे पाहा. २०२५ च्या जुलैत जॉर्जियातल्या बाटुमीला तिनं महिलांचा विश्वचषक जिंकला, तोही अंतिम फेरीत कोनेरू हंपीला हरवून, आणि १९ व्या वर्षी ग्रँडमास्टर झाली. २०२४ च्या बुडापेस्ट ऑलिंपियाडमध्ये भारताच्या दोन्ही संघांना सुवर्णपदक मिळालं. खुल्या संघात नाशिकचा विदित गुजराथी होता, महिला संघात दिव्या होती आणि त्या संघाचा कप्तान होता पुण्याचा अभिजित कुंटे. आज या दर्जाचे खेळाडू रोज मशीनबरोबर अभ्यास करतात. पण स्पर्धेच्या दालनात मोबाइल नेता येत नाही. पटासमोर बसलं की आपलं डोकं आपल्याच खांद्यावर.

पालकांना इथं एक सांगावंसं वाटतं. मुलाचा डाव संपल्याबरोबर मशीन लावून "हे बघ, इथं चुकलास" म्हणू नका. आधी त्यालाच विचारा, "तुला कुठं अवघड वाटलं?" त्यानं बोट ठेवलं, की मग लावा मशीन.

संध्याकाळी ठरल्याप्रमाणे मी दुकानात गेलो. यक्षाची गोष्ट त्या मुलाला ठाऊक होती, लेण्यात गाइड सांगताना दहादा ऐकलेली. लेव्हीची नव्हती. मग मी मोबाइल पाहिला, तर पठ्ठ्यानं सगळ्यात वरची पातळी लावलेली! रोज जगज्जेत्याच्या वरच्या यक्षाशी लढत होता आणि स्वतःला ढ समजत होता.

पातळी खाली आणली. खालच्या पातळीवर मशीन कसं खेळतं, माहीत आहे? चांगलं खेळता खेळता मध्येच मुद्दाम वेडपट चाल करतं. म्हणून त्याच्या प्रत्येक चालीनंतर एकच गोष्ट पाहायची. यानं काय फुकट ठेवलं आणि आपलं काय फुकट राहिलं? घड्याळ बंद केलं. आणि ठरवलं, की पहिल्या दहा चालींत मारामारी करायची नाही, किल्लेकोट करायचा, मधली प्यादी अडकवायची.

पहिला डाव हरला, पण ४१ चालींत. दुसऱ्यात त्याचा उंट गेला. "परत घेऊ का चाल?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, घे, पण का गेला ते आधी मोठ्यानं सांग. त्यानं सांगितलं. दगड पुसता पुसता वडीलही ऐकत होते. एक गिऱ्हाईक भाव विचारून निघून गेलं, तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

तिसऱ्या डावात पट मस्त बंद झाला. मोबाइलचा हत्ती एका घरातून दुसऱ्या घरात आणि पुन्हा पहिल्या घरात जायला लागला. मुलानं घोडा उचलला आणि मागून वळसा घालून चार चालींत थेट मशीनच्या प्याद्यांच्या मागे नेऊन बसवला. माझी जळगावची एसटी आली तेव्हा ३८ वी चाल चालू होती.

"काका, स्पर्धेत चाली लिहून घ्याव्या लागतात ना?" मान वर न करता त्यानं विचारलं.

"हो, लागतात."

"बाबा, मग एक वही लागेल," तो म्हणाला आणि पुन्हा घोड्याकडे बघायला लागला.